वाढत्या अंगाचा गणवेश

सदर : बाईंना विचारा

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं गणवेशाबद्दलची. शाळा उघडली की हे व्हायचंच. मी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी आणि गगनबावडा तालुक्यांत मिळून ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आई घरी हातमशिनवर परकर-पोलकी शिवायची, त्यामुळे शिवणातलंही थोडंफार कळतं. उत्तरं या दोन्हींच्या जोरावर देते. पत्रलेखकांची नावं छापत नाही. लहान गावात पत्र कुणाचं हे ओळखायला नावही लागत नाही, म्हणून गावंही गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या २५ कुटुंबांनी ४०,००० रुपये जमवले आहेत. तुमच्याकडच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या शाळेतल्या गरीब मुलांना गणवेश द्यायचा विचार आहे. १५ ऑगस्टला सगळ्यांनी यायचं आणि झेंडावंदनानंतर वाटप करायचं असं ठरलंय. तयार कपडे पुण्यातून आणावेत की तिकडेच घ्यावेत? — एक वाचक, कोथरूड, पुणे

पैसे जमवलेत, फार चांगलं केलंत. आता कपडे घेऊ नका. निदान इतक्यात तरी नको.

आधी शाळेला फोन करून एवढंच विचारा, की तुमच्याकडे काय आलंय आणि काय यायचं राहिलंय? सरकारी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आणि राज्याच्या पैशातून वर्षाला दोन गणवेश मिळतात. २०२३ साली त्यात बूट आणि मोजेही आले, माणशी १७० रुपये. म्हणजे तुम्ही साठ निळे शर्ट घेऊन डोंगर चढून याल आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात आधीच साठ निळे शर्ट असतील. ते तुम्हाला तसं तोंडावर सांगणार नाहीत. नारळ देतील, आभार मानतील आणि तुमचा गठ्ठा कपाटाच्या वर ठेवतील.

मग कमी कुठे पडतं? आठवीनंतर. नववीला पोरं जवळच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जातात, ते बहुतेक कुठल्या तरी संस्थेचं अनुदानित. तिथं गणवेशाचा रंग वेगळा आणि फुकट काही नाही. नेमकं याच वयात पोरगा वीतभर उंच होतो, त्याला फुल पँट लागते, कापड दीडपट लागतं. मुलींना पंजाबी ड्रेस आणि ओढणी. घरात पैशाची ओढाताण असेल तर ‘आता बास झालं शिकणं’ हे वाक्य याच जूनमध्ये निघतं, आणि पहिल्यांदा निघतं ते मुलीसाठी. त्या हायस्कुलात जाऊन वर्गशिक्षकांना विचारा. वीस मुलं निघतील. त्या विसांना दोन-दोन जोड नीट मापाचे द्या, शंभर जणांना एकेक देऊ नका.

दोन का, ते सांगते. चौथीच्या वर्गात माझी एक विद्यार्थिनी होती. हुशार. पण जुलै-ऑगस्टात आठवड्यातून दोनदा तरी गैरहजर. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगणार, तिथं आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही. एकदा शाळा सुटल्यावर घरी गेले. चुलीच्या वर दोरी बांधलेली, तिच्यावर गणवेश वाळत घातलेला, खाली ओली लाकडं धुमसत होती. मला बघून ती म्हणाली, ‘बाई, ड्रेस वाळला न्हाई. मग मी कसा येऊ?’ (आमच्याकडच्या मुली ‘कशी येऊ’ म्हणत नाहीत, ‘कसा येऊ’च म्हणतात.) दुसऱ्या दिवशी ती आली. शेजारच्या पोराने नाक धरलं, कारण त्या कापडाला धुराचा वास मारत होता. परत दोन दिवस गायब. मी तोवर तिच्या पालकांना ‘मुलीला शाळेची गोडी नाही’ असं सांगून बसले होते. गोडी होती. दुसरा जोड नव्हता.

आता १५ ऑगस्टचं. शाळा १५ जूनला सुरू होते. दोन महिने मूल जुन्या कपड्यात काढणार आणि मग तुम्ही येणार, हे उलटं आहे. तुमच्या सोयीचा दिवस बदला. कपडे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत पोचते करा आणि वर्गशिक्षकांच्या हातून, इतर वस्तूंसारखे, घरी जाऊ द्या. यंदा उशीर झालाच असेल तर दिवाळीनंतरच्या थंडीसाठी स्वेटर द्या. झेंडावंदनाला जरूर या, मुलांची लेझीम बघा, पण त्या दिवशी कुणाला पुढे बोलवून हातात पुडकं देऊन फोटो काढू नका. त्या फोटोत मूल हसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तुमच्या पंचवीस कुटुंबांना हिशोब हवा, तो रास्त आहे. कापड दुकानाची पावती आणि शिवणाऱ्या बाईंची पावती फोटो काढून ग्रुपवर टाका.

हो, शिवणाऱ्या बाई. पुण्यातून तयार आणू नका. तालुक्याच्या गावात कापड मिळतं, इचलकरंजी आमच्या उशाशी आहे. गावात मशिन असलेल्या दोन-तीन बाया असतातच. शिलाई त्यांना मिळू द्या. मापात चूक झाली तर पोरगं संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभं राहू शकतं. तुमच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानात ते कसं जाणार?

आणि एक गोष्ट, जी कुणी देत नाही. सातवी-आठवीच्या पुढच्या मुलींना शमीज. पांढरा किंवा फिका आकाशी कपडा भिजला की अंगाला चिकटतो, आणि पोरगी तीन किलोमीटर चालत आलेली असते, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मग ती दिवसभर दप्तर छातीशी धरून बसते. फळ्याकडे बोलावलं तर उठत नाही. पुरुष शिक्षकाला वाटतं, हिला येत नाही. पैसे उरले तर शमीज घ्या आणि ते बाईंच्या हातूनच द्या. उरले नाहीत तर एखादा स्वेटर कमी करा.

प्रश्न : मी गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. शिक्षण सातवीपर्यंत. गणवेशाच्या वेळी दुकानदार नमुना दाखवतो, सगळे ‘चांगलं आहे’ म्हणतात आणि मी सही करते. ६०० रुपयांत दोन येतात म्हणतात. कापड चांगलं की वाईट, हे मला कसं कळणार? — एक आई, शाहूवाडी तालुका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची सही शोभेची नाही, हे आधी मनात पक्कं करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक असावीत आणि निम्म्या बायका असाव्यात असं सांगितलंय, ते तुमच्यासारख्या आईने कापड हातात धरून बघावं म्हणूनच.

हे पैसे किती दारं फिरून तुमच्याकडे आलेत तेही ऐका. आधी दोन गणवेशांचे ४०० होते, समग्र शिक्षा आल्यावर ६०० झाले. मध्ये २०१७ च्या सुमाराला ठरलं, की पैसे थेट मुलांच्या बँक खात्यात टाकायचे. खातं उघडायला पालक मजुरी बुडवून तालुक्याला जात होते, शून्य शिल्लक खातं द्यायला बँकवाले का-कू करत होते. चारशे रुपयांसाठी एका आजोबांनी तीन हेलपाटे घातलेले मी पाहिलेत. ते बंद पडलं. २०२४-२५ ला ‘एक राज्य, एक गणवेश’ निघालं. सगळ्या राज्याचं कापड एकाच ठिकाणाहून घ्यायचं, कापून पाठवायचं आणि महिला बचत गटांनी शिवायचं. बचत गटांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता. पण १५ ऑगस्ट उलटून गेला तरी पुष्कळ शाळांत गणवेशाचा पत्ता नव्हता. जिथं पोचला तिथंही ‘हा कुणाच्या मापाचा?’ अशी तक्रार. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि खरेदी पुन्हा समितीकडे आली. म्हणजे तुमच्याकडे. मला विचाराल तर ती इथंच असायला हवी होती. माप मुलाजवळ असतं, मंत्रालयात नसतं.

आता कापड. दुकानदाराने नमुना दिला की टेबलावर ठेवून बघू नका, हातात घ्या. दोन्ही मुठींत धरून साबण लावल्यासारखं चोळा. पांढरी पूड पडली तर ती खळ आहे. पहिल्या धुण्यात खळ जाईल आणि मागे जाळी राहील. मग दारात जाऊन उजेडासमोर धरा. पलीकडची तुमची बोटं मोजता आली तर ते मुलीच्या शर्टाला नको. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा, निळं उतरलं तर परत करा. मुठीत घट्ट धरून दहा म्हणेपर्यंत ठेवा आणि सोडा. फार चुरगळलं तर त्यात सूत जास्त, अजिबात चुरगळलं नाही तर नुसतं पॉलिस्टर. आपल्या पावसाच्या भागात मिश्र कापडच बरं, लवकर वाळतं. मराठवाड्यातल्या बाईला मी हा सल्ला देणार नाही, तिथल्या उन्हात ते अंगाला चिकटेल.

शिवलेला असेल तर आतून बघा. बाहेरून सगळेच छान दिसतात. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ओढा, टाके दात विचकायला लागले तर तो दिवाळीपर्यंत टिकत नाही. बटणं ओढा. काज दोऱ्याने भरलंय की नुसती चीर दिलीय, बघा. आणि माया बघा. तुम्हाला माहीत असेलच, शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि खालच्या दुमडीत अडीच-तीन इंच माया असेल तर तो कपडा पोराबरोबर वाढतो. तयार मालात माया नसते, कारण तेवढं कापड वाचतं. पूर्वी प्रत्येक आई शिंप्याला सांगायचीच, ‘वाढत्या अंगाचा शिव रे दादा.’ समितीच्या ठरावात तेवढं एक वाक्य लिहून घ्या.

तीनशे रुपयांत एक जोड बसवणं अवघड आहे, हे खरं. दुकानदारही काही धर्मादाय करायला बसलेला नाही. म्हणून एकाच दुकानात जाऊ नका. शेजारच्या तीन-चार शाळांच्या समित्यांनी मिळून कापडाचे तागे घेतले तर भाव उतरतो. पसंत केलेल्या नमुन्याचा वीतभर तुकडा कापून, त्यावर दुकानदाराची सही घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. माल आला की तुकडा बाहेर काढा आणि जोडून बघा. हे केलं त्या वर्षी आमच्याकडे एक अख्खा गठ्ठा परत गेला होता. दुकानदार रागावला, आणि आठ दिवसांत बरोबर माल घेऊन आला.

मापाबद्दल एकच. ‘दुसरीचा नंबर अमुक, तिसरीचा तमुक’ असं घेऊ नका. माझ्या दुसरीच्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या उंचीत पाऊण हाताचा फरक होता. एप्रिलात परीक्षा संपल्या की टेप घेऊन बसा आणि एकेक पोर मोजा. पैसे खात्यावर कधी येतील ते आपल्या हातात नसतं, पण मापं घ्यायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : सगळं फुकट दिल्याने पालकांना जबाबदारीच उरत नाही. आम्ही ठिगळं लावून शिकलो, आमचं काय बिघडलं? गणवेश, पुस्तकं, जेवण… कुठे थांबणार? — एक निवृत्त वाचक, सांगली

तुमचं काही बिघडलं नाही, कारण तुम्ही शिकलात. तुमच्या वर्गातले जे ठिगळाच्या लाजेने गेले, ते आज मासिकाला पत्र लिहीत नाहीत.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मागास प्रवर्गांतल्या गरीब घरच्या, पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. पंचाहत्तर वर्षांत रुपया या खिशातून त्या खिशात गेला. दोन्ही वेळा हिशोब एकच, की मूल शाळेत न येण्याची किंमत जास्त पडते.

जबाबदारीचं म्हणाल, तर २०२३ च्या आधी माझ्यावर दरवर्षी एक काम यायचं. गणवेशाच्या यादीतली नावं वर्गात वाचायची. मोफत गणवेश सगळ्या मुलींना होता, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. बाकीचे खाली बसून राहायचे. त्यात धनगराची, कुंभाराची, मराठ्याची अशी पोरं असायची, ज्यांच्या बापाकडे बीपीएल कार्ड नव्हतं आणि पैसेही नव्हते. एकाने विचारलं होतं, ‘बाई, माझं नाव पुढच्या पानावर हाय का?’ पुढचं पान नव्हतं. आता राज्याने आपल्या पैशातून त्या पोरांनाही धरलंय. कुठे थांबणार याचं उत्तर तुम्हाला हवंय. मला तरी ती यादी वाचायची थांबली हे पुष्कळ आहे.

प्रश्न : माझ्या मुलांचे जुने कपडे, त्यांच्या इंग्रजी शाळेचे गणवेशही, चांगल्या स्थितीत आहेत. कुठल्या शाळेला पाठवू? — एक गृहिणी, ठाणे

गणवेश नको. त्यावर शाळेचा बिल्ला असतो, रंग जुळत नाही, आणि वर्गात एकटं मूल लाल चौकड्यांत दिसतं. बाकीचे कपडे पाठवा, पण आधी धुऊन, बटणं मोजून, चेन ओढून, नाडी-इलॅस्टिक घालून. कपडा स्वतःच्या भाचीला द्यायला संकोच वाटत असेल, तर तो शाळेलाही देऊ नका. पुसायला वापरा.

गूंज ही संस्था तुम्हाला ठाऊक असेल. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची रीत मला पटते. गावाने आपलं एखादं काम करायचं, विहीर उपसायची, रस्ता नीट करायचा, आणि त्या श्रमाचे म्हणून कपडे घ्यायचे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. त्यांच्याकडे दिलेत तरी चालेल.

प्रश्न : मी नवा शिक्षक आहे. आमच्या शाळेत गणवेश नसलेल्या मुलांना परिपाठाच्या वेळी वेगळ्या रांगेत उभं करतात. मला ते पटत नाही, पण वरिष्ठांशी कसं बोलू? — एक शिक्षक, सातारा जिल्हा

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं. गरज पडली तर ते दाखवा. पण पहिल्याच दिवशी कलम दाखवलंत तर वरिष्ठ तुमचं तोंड बघणार नाहीत. त्याआधी मी काय केलं होतं ते सांगते, हवं तर हेच त्यांना वाचायला द्या.

नोकरीचं पहिलं वर्ष. तपासणीला साहेब येणार म्हणून मी कडक. तिसरीतला एक पोरगा चट्ट्यापट्ट्याचा शर्ट घालून आला. मी म्हटलं, ‘जा, गणवेश घालून ये.’ तो गेला. साहेब आले, गेले, शेरा चांगला मिळाला. शाळा सुटल्यावर कुलूप लावायला मागच्या बाजूला गेले, तर तो भिंतीला टेकून बसलेला. सकाळपासून. घरी गणवेश नव्हताच, मग घरी जाऊन तो काय घालून येणार होता? मला बघून उठला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘जाऊ का आता?’

त्यानंतर मी वर्गाच्या कपाटात वेगवेगळ्या मापांचे चार-पाच गणवेश ठेवायला लागले. शाळा सोडून गेलेल्यांचे, लहान झालेले, धुऊन इस्त्री केलेले. कुणी वेगळ्या कपड्यात आलं की परिपाठाआधी नुसतं म्हणायचं, ‘कपाटातली खडूची पेटी आण.’ पोरगं समजायचं. आत जाऊन घालून यायचं. तुम्हीही तेवढं कपाट करा. रांगेत उभं करायला कुणी उरलं नाही तर ती रांग आपोआप मोडते, वरिष्ठांशी भांडण न करता.

प्रश्न : मी नववीत आहे. मला दादाचा शर्ट आलाय. रंग तोच आहे पण खिशावर त्याच्या जुन्या शाळेचा बिल्ला मशिनने शिवलाय. काढला तर खाली डाग दिसतो. पोरं हसतील. काय करू? — एक विद्यार्थी, पन्हाळा तालुका

बाळ, नुसता बिल्ला काढू नकोस, आधी खिसा काढ. जुन्या ब्लेडने एकेक टाका कापायचा, कापड ओढायचं नाही. खिसा सुटला की खाली शर्टाचा रंग गडद दिसेल, तिथं ऊन लागलेलं नसतं. घाबरू नको. मग बिल्ल्याचेही टाके कापून तो काढ, नाहीतर ते टाके मागून दिसतील. खिसा उलटा कर, डागाची बाजू आत. वरची दुमड उसवून दुसऱ्या बाजूला घाल. मग तो नेमका त्याच जागी ठेव, तसूभरही इकडे-तिकडे नको, नाहीतर गडद पट्टी दिसेल. टाक्यांची जुनी भोकं दिसतातच, त्यांवरूनच नवा दोरा चालव. आईला मशिन येत नसेल तर गावातल्या शिवणाऱ्या काकूंना सांग, दहा मिनिटांचं काम आहे. उलट्या बाजूने खिसा शर्टापेक्षा थोडा नवा दिसेल. दोन धुण्यांत सारखा होतो.